विश्लेषण : ‘रनअवे ज्युरी’ – सिगारेटच्या जागी बंदूक आली, पण खटला तोच राहिला का?

जॉन ग्रिशम यांच्या १९९६ च्या ‘द रनअवे ज्युरी’ या कादंबरीत सेलेस्ट वुड ही विधवा सिगारेट कंपनीवर दावा लावते. तिचा नवरा फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेला असतो. सात वर्षांनी आलेल्या चित्रपटात तीच सेलेस्ट वुड बंदुका बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध उभी राहते, कारण तिच्या नवऱ्याचा बळी ऑफिसात झालेल्या गोळीबारात गेला आहे. ज्युरीत शिरलेला निकोलस ईस्टर, बाहेरून निकालाचा सौदा करणारी मार्ली आणि कंपनीसाठी ज्युरी ‘फिरवणारा’ रँकिन फिच ही पात्रे तीच आहेत. मिसिसिपीतील बिलॉक्सीऐवजी न्यू ऑर्लिन्स आले, हा बदल किरकोळच. वस्तू बदलली, हा मात्र किरकोळ नाही.

(पुढे दोन्हींचा शेवट सांगितला आहे.)

तंबाखू का वगळला?

ग्रिशम यांनी कादंबरी लिहिली तेव्हा अमेरिकी न्यायालयांत सिगारेट कंपन्या जवळपास अजिंक्य होत्या. १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर सांगितले होते की, निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही. त्याच वर्षी आजारी धूम्रपान करणाऱ्यांच्या उपचारांचा खर्च वसूल करण्यासाठी या कंपन्यांवर दावा करणारे मिसिसिपी हे पहिले राज्य ठरले. कादंबरी तिथेच घडते.

पुढे चित्र झपाट्याने पालटले. नोव्हेंबर १९९८ मध्ये चार बड्या कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली आणि २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. १९९९ मध्ये ‘द इन्सायडर’ हा तंबाखू उद्योगाची आतली माहिती फोडणाऱ्या शास्त्रज्ञावरचा चित्रपट येऊन गेला. २००३ मध्ये तोच वाद पडद्यावर आणला असता, तर शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखे झाले असते. तोवर फारसा न हरलेला उद्योग निवडणे हे दिग्दर्शक गॅरी फ्लेडर आणि पटकथाकारांचे धाडसच म्हणायला हवे.

निकाल विकत घेतला, तो कोणी?

ज्युरी म्हटले की मराठी वाचकाला मुंबईचा नानावटी खटला आठवतो. तो फौजदारी होता. अमेरिकेत नुकसानभरपाईचे दिवाणी दावेही ज्युरीपुढे चालतात आणि मिसिसिपीत बारापैकी नऊ जणांचे एकमत पुरते. कादंबरीत निकाल नऊ विरुद्ध तीन असाच लागतो : २० लाख डॉलर भरपाई आणि वर ४० कोटी डॉलर दंडात्मक रक्कम. फिचने मार्लीला दिलेले एक कोटी डॉलर ती शेवटी परत करते, कारण तंबाखू कंपन्यांचे शेअर कोसळतील यावर बाजी लावून तिने आधीच भरपूर कमावलेले असते. तिचे आईवडील धूम्रपानाने गेले, म्हणून वाचकाची सहानुभूती तिच्याकडे असते. पण ज्युरी पळवली गेली ही बोच काही जात नाही. ग्रिशम ती पुसायला जात नाहीत.

चित्रपट ती पुसतो. मार्लीची बहीण शाळेतल्या गोळीबारात मारली गेलेली असते. फिचकडून घेतलेले दीड कोटी डॉलर त्या गावातल्या पीडितांना मिळणार असतात आणि सेलेस्टचा वकील रोर सौदा नाकारून स्वच्छ राहतो. प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. हिशोब जरा फारच नीट जुळतो. तरीही जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन पहिल्यांदाच एकत्र आले, ते याच चित्रपटात; न्यायालयाच्या स्वच्छतागृहातली त्यांची चकमक कादंबरीतल्या कुठल्याही प्रसंगाला भारी पडते.

निसटलेला प्रश्न

खरी उणीव वेगळीच आहे. सिगारेट कंपनीने सांगितले तशी ओढली तरी माणूस आजारी पडतो. कंपनीचा बचाव एवढाच असतो की, धोका माहीत असूनही ओढणाऱ्याने ती निवडली. कादंबरीची पानेच्या पाने या वादावर, तज्ज्ञांच्या साक्षींवर आणि कोवळ्या वयाच्या मुलांना गिऱ्हाईक करण्यावर खर्च होतात. काहींना ती कंटाळवाणीही वाटतील. बंदुकीच्या दाव्यात मात्र मध्ये तिसरा माणूस येतो. चाप तो ओढतो. त्याच्या गुन्ह्याची जबाबदारी कारखान्यापर्यंत कुठल्या कायदेशीर साखळीने न्यायची, याचे उत्तर नव्या खटल्याला द्यावे लागते. चित्रपट हा मुद्दा थोडक्यात उरकतो आणि पाठलाग, धमक्या, जाळपोळीकडे धावतो. वस्तू बदलली, युक्तिवाद मात्र नव्याने उभा केलाच नाही.

न्यायालयाबाहेर नेमके याच प्रश्नावर घोडे अडले. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला : इतरांनी बंदुकीचा गुन्हेगारी वापर केला म्हणून उत्पादक आणि विक्रेत्यांवर दावा करता येणार नाही, अपवाद मोजके. त्यातल्याच एका अपवादातून, जाहिरातबाजीच्या मुद्द्यावर, सँडी हूक शाळेतील बळींच्या कुटुंबांनी रेमिंग्टन कंपनीविरुद्ध वाट काढली. २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. पैसे विमा कंपन्यांनी भरले आणि प्रकरण ज्युरीपुढे गेलेच नाही. जून २०२५ मध्ये मेक्सिको सरकारने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर केलेला दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे एकमताने रोखला.