डिप्रेशनची गोळी लपवू नका

लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडून मी मलकापूरला घरी आलो. वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून काम करायचो. आंबा घाटाकडून येणारा जुलैचा पाऊस पत्र्यावर दिवसरात्र वाजत होता आणि पहाटे तीनला मी जागा असायचो. जेवण जात नव्हतं. कोडची पाचवी ओळ वाचेपर्यंत पहिली विसरायचो. अम्मी म्हणाली, "नजर लागलीय." मामूंनी पाणी दम करून आणलं. एका मित्रानं विचारलं, "नमाज सोडलीस काय रे?" सोडली नव्हती. उलट, सजद्यात मन लागत नाही म्हणजे आपलंच ईमान कच्चं, असं मला वाटू लागलं होतं.

शेवटी कोल्हापुरात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एस्सिटालोप्राम सुरू केली. ती मी व्हिटॅमिनच्या डबीत लपवायचो. दीड महिन्यात झोप आणि भूक परतली, तशी कुणाला न विचारता गोळी बंद केली. काही आठवड्यांत पुन्हा होतो तिथंच. ही चूक तुम्ही करू नका. या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानंच हळूहळू कमी करायची असते. तिची नशा नसते.

गोळीनं उठून बसायची ताकद दिली, पण विचारांची सवय तीच राहिली. कामात एक चूक निघाली की "मी बिनकामाचा" हा निकाल तयार! इथं समुपदेशकांनी विवेकनिष्ठ विचारपद्धती शिकवली. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५च्या सुमारास मांडली, मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार असतो; तो पकडून तपासायचा. "माझी चूक होताच कामा नये" हा हट्ट मी वहीत लिहिला आणि समोर लिहिलं, "होऊ नये असं वाटतं, झालीच तर दुरुस्त करीन." रोज एक पान. कंटाळवाणं काम आहे, पण उपयोगी पडतं.

आपल्या परंपरेला हे परकं नाही. इ.स. ९३४ मध्ये निधन पावलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. ज्याचं कारण कळतं ते दुःख आणि कारण न सापडणारी उदासी यांत त्यांनी फरक केला. दुसरीचा संबंध शरीराशी जोडला. हजार वर्षांपूर्वी आपल्या विद्वानाला जे कळलं, ते आज आपण ईमानाच्या कमजोरीवर ढकलतो.

अब्बांना शुगर आहे. त्यांची गोळी बघून "नमाज पढता ना?" असं कुणी विचारत नाही. मग आमच्या गोळीलाच का? दुआ कराच, पण डॉक्टरही गाठा. मनात मरणाचे विचार येत असतील तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे.

व्हिटॅमिनची डबी मी फेकून दिली. माझी गोळी आता अब्बांच्या गोळ्यांशेजारी, फ्रिजवर असते.