तीन दिवसांची रजा आणि कोकणची वाट

मोठ्या मिनतवारीने मिळालेल्या तीन दिवसांच्या रजेत प्रथमच मोटार घेऊन कोकणात निघालेला गृहस्थ हरिहरेश्वरापासून मालवणापर्यंतची सारी स्थळे यादीत कोंबतो. मग प्रवासाचा हजेरीपट होतो आणि माणूस थकून परततो. या किनाऱ्यावर नकाशातील अंतर फसवे असते. वाट खाड्यांपाशी अडते. मुंबई-पुणेकरांनी पहिला मुक्काम दापोलीस करावा, दुसऱ्या दिवशी दाभोळहून मोटारीसह फेरीबोटीने वासिष्ठी ओलांडून धोपावेमार्गे गुहागर गाठावे आणि तिसऱ्या दिवशी चिपळूणवरून परतावे. बोटीची वाट पाहण्यात गेलेला वेळ वाया गेला असे मानू नये. रजा घेतली ती अशा निवांतपणासाठीच. तवसाळ-जयगडची शास्त्री नदी पुढील रजेपर्यंत तेथेच वाहत राहील.