आराखडे चोरीला गेले तर बोंब, आमची जात चोरीला गेली तर?

एप्रिल २०२१ मध्ये रेव्हिल नावाच्या टोळीने तैवानच्या क्वांटा कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला केला. क्वांटा ॲपलसाठी लॅपटॉप बनवते. टोळीने पाच कोटी डॉलर मागितले आणि मॅकबुकचे काही आराखडे इंटरनेटवर टाकले. जगभर बोंब झाली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजने असाच हल्ला झाल्याचे शेअर बाजाराला कळवले. पुढे हंटर्स इंटरनॅशनल टोळीने १.४ टेराबाइट डेटा नेल्याचा दावा केला. अशा वेळी चर्चा होते ती शेअरची, ग्राहकांची आणि कंपनीच्या नावाची.

आमचा प्रश्न वेगळा आहे. कंपन्यांच्या सर्व्हरवर फक्त आराखडे नसतात. तिथे कामगारांचे आधार, बँक खाते, पीएफ असते. अप्रेंटिसच्या अर्जात तर प्रवर्गाचा रकानाही असतो. त्या कामगाराचे काय?

कोणी म्हणेल, हॅकर जात बघून हल्ला करत नाही. कबूल. पण फुटलेली यादी वाचणारा समाज जात बघतो. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणारा समाज हाच आहे. पासवर्ड बदलता येतो, जातीचा दाखला बदलता येत नाही. आपली जात कोणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क त्या एका फाइलबरोबर जातो.

आता कायदा बघा. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जात ही 'संवेदनशील' माहिती मानली होती. २०२३ चा कायदा आला तेव्हा तो वर्गच गायब झाला. नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला कामगाराची संमती लागत नाही, आणि त्याच कलमात कंपनीची व्यापारी गुपिते जपण्याची काळजी मात्र घेतली आहे! सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले नुकसानभरपाईचे कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. उलट तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. ज्याचे घर फुटले त्याच्या हाती भोपळा!

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराला सरकार आणि मालकाच्या बरोबरीने चर्चेत बसवण्याचा आग्रह त्यांनी धरला. डेटाच्या प्रश्नात ती खुर्ची आज रिकामी आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जात पुन्हा संवेदनशील माहिती ठरवा. गरज नसेल तिथे जातीचा रकाना काढा आणि काम संपल्यावर नोंद पुसा. डेटा फुटला तर कंत्राटी कामगारापासून अप्रेंटिसपर्यंत प्रत्येकाला मराठीत लेखी कळवा. भरपाई पीडिताच्या खात्यात जमा करा.

मित्रांनो, आयटीत काम करणारी आपली मुले हजारोंनी आहेत. कामगार संघटनांच्या मागणीपत्रात पगार आणि बोनसच्या शेजारी हा मुद्दा लिहायला त्यांनीच सुरुवात करावी. आपण लिहिला नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

जय भीम!