मेण, चरबी आणि विश्वास

10 मे हा 1857 च्या स्वातंत्र्यसमराचा प्रारंभदिन. करंजाडेसारख्या नव्या वसाहतीतील घराघरांत मुलांना मंगल पांडे आणि काडतुसे ठाऊक असतात. परंतु गोळीला चरबी लावावीच का लागत होती, असे एखाद्याने विचारले तर मोठ्यांनाही उत्तर सुचत नाही. हा प्रश्न आपल्या परिसराला तसा परका नाही. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. महूच्या परिसरात शिपायांनी त्यांना काडतुसांची हकीकत सांगितली. ती नोंद असलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये प्रसिद्ध झाला.

1853 च्या बनावटीच्या एन्फील्ड रायफलीची नळी 0.577 इंच व्यासाची असून आतून तीन सर्पिल खाचा कोरलेल्या असत. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, अशी रीत होती. प्रत्येक बारानंतर दारूची काजळी नळीत साठे. ती मऊ राहावी, गोळी सहज उतरावी आणि शिसे खाचांना चिकटू नये, यासाठी कागदावर वंगण आवश्यक होते. ही गरज खरीच होती. वाद होता तो वंगण कशाचे, याचा.

जनावराची चरबी स्वस्त आणि मऊ. पण उन्हाळ्यात ती वितळते, कागदात मुरते आणि कालांतराने खवट होते. मधमाशांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. नुसते मेण कडक असते खरे. मात्र त्यात थोडे तेल घातले की ते हवे तेवढे मऊ होते. मेण व तेलाचे मिश्रण कंपनीच्या लष्कराला नवीनही नव्हते. याचा अर्थ, कोणाच्याही धर्मभावनेला धक्का न लावता रायफल चालवण्याचा मार्ग हाताशी होता.

तो वेळेवर स्वीकारला गेला नाही. हिंदुस्थानच्या हवामानात वंगण कसे टिकते हे पाहण्यासाठी 1853 मध्ये चरबीयुक्त काडतुसे येथे आली, तेव्हाच बंगाल सैन्याचे अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी धोक्याचा इशारा दिला होता. तो कागदातच राहिला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये चरबीचा पुरवठा कंत्राटाने होई आणि ती कोणत्या जनावराची, याची खबरदारी घेतली गेली नव्हती. गाईची चरबी हिंदूंना निषिद्ध, डुकराची मुसलमानांना. जानेवारी 1857 मध्ये डमडम येथे कुजबूज उठली. मग महिनाअखेरीस सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली, आणि पुढे काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची कवायतही लागू केली.

उपाय योग्य होते, परंतु वेळ टळली होती. आता कागदाच्या तकाकीचाही संशय येऊ लागला. 24 एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या 90 पैकी 85 शिपायांनी काडतुसे नाकारली. ती जुन्याच पद्धतीची होती, तरीही नाकारली! 9 मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी मीरत पेटले. सातारा, नागपूर, झाशी आणि अवध गिळंकृत करणाऱ्या सत्तेने विश्वास आधीच गमावला होता. केवळ काडतुसांमुळे शिपाई बिथरले असे म्हणणे म्हणजे त्या समराला क्षुद्र करणे होय. साचलेल्या दारूवर ठिणगी पडली, इतकेच काडतुसांचे श्रेय.

हा केवळ भूतकाळ नव्हे. 1983 मध्ये वनस्पती तुपात आयात चरबी मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा स्वतंत्र भारतातील घराघरांत तोच संताप उसळला. 2016 मध्ये ब्रिटनच्या नव्या पाच पौंडी नोटेत चरबीचा अंश असल्याचे समजताच तेथील हिंदूंनी आक्षेप घेतला; पुढच्या वर्षी बँक ऑफ इंग्लंडने ती नोट तशीच ठेवण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे बंद पाकिटांतील शाकाहारी अन्नावर हिरवे चिन्ह असते. तथापि मेणबत्त्या आणि यंत्रांची वंगणे यांतील स्टिअरिक आम्ल चरबीचे की वनस्पतिजन्य, हे वेष्टनावरून सहसा कळत नाही.

ज्याच्या हाती, तोंडी वा देव्हाऱ्यात वस्तू जाणार, त्याला ती कशाची आहे हे जाणण्याचा अधिकार आहे. श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणून हसण्याने तो अधिकार संपत नाही. आणि अफवेवर विसंबून कोणावर धावून जाण्याने तो सिद्धही होत नाही. नागरिकाने पुरावा मागावा, उत्पादकाने घटक स्पष्ट लिहावेत आणि शासनाने विचारण्याआधीच उत्तर द्यावे. टकरांच्या इशाऱ्यापासून मीरतपर्यंत कंपनीला साडेतीन वर्षे मिळाली होती. थोडे मेण आणि थोडे तेल, एवढ्यात जे सुटले असते, त्यासाठी तिला पुढे आपले राज्यच गमवावे लागले.