एडमंटनचं जर-तरचं गणित

आयपीएलमुळे ‘जर-तरचं गणित’ आपल्या घराघरांत पोचलं आहे. मे महिना उजाडला की सगळे गणितज्ञ होतात. अमुक संघ हरला, तमुक संघ थोडक्यातच जिंकला आणि तिसऱ्याचा सामना पावसात वाहून गेला, तर आपला संघ प्लेऑफमध्ये! कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या राजधानीत, म्हणजे एडमंटनमध्ये, हेच गणित दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मांडलं जातं. खेळ वेगळा आणि हवा बोचरी, पण वाद थेट आपल्या ओट्यावरचा वाटावा असा.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, बरीच वर्षं तिथे आहे. तिथे शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता सामना सुरू होतो, तेव्हा बडोद्यात शनिवारची सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. शनिवारचा पहिला चहा मी बरेचदा ‘एडमंटन एल्क्स’ हरताना पाहत घेतो. मग दिवसभर घरच्या ग्रुपवर दादा आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा यांची जुंपलेली असते.

आधी खेळाबद्दल थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत शिरायचं. अमेरिकन फुटबॉलचा हा सख्खा भाऊ, पण स्वभाव वेगळा. अमेरिकेत दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. त्यातला तिसरा बहुधा चेंडू लाथेने लांब भिरकावण्यात जातो, म्हणजे खरे प्रयत्न दोनच. कॅनडात खेळाडू अकराऐवजी बारा, आणि मैदानही जास्त लांब-रुंद. त्यामुळे लांब चेंडू फेकणं आलं आणि तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर सगळी भिस्त आली. एल्क्सचे चाहते नऊ महिने या एका जागेवरून का भांडतात, ते आता लक्षात येईल.

या संघाचा भूतकाळ ऐकला तर विश्वास बसत नाही. आजवर १४ वेळा त्यांनी ‘ग्रे कप’ हा अजिंक्यपदाचा चषक जिंकला, त्यातला १९७८ ते १९८२ असा सलग पाच वेळा. १९७२ पासून २००५ पर्यंत सलग ३४ हंगाम ते प्लेऑफमध्ये होते. त्या काळात वाढलेल्या माणसाला ‘एडमंटन बाद फेरीत नाही’ म्हणजे ‘दिवाळीत फराळ नाही’ असंच वाटत असणार. शेवटचा ग्रे कप त्यांनी २०१५ मध्ये जिंकला.

मग घसरण सुरू झाली. कोविडमुळे २०२० चा हंगाम झालाच नाही. त्याच वर्षी संघाने आपलं जुनं नाव सोडलं, कारण आर्क्टिक भागातल्या इन्युइट लोकांना ते अपमानास्पद वाटत होतं. २०२१ मध्ये ‘एल्क्स’ हे नाव आलं. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही घरच्या मैदानावर एकही विजय मिळाला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये घरी जिंकलेला हा संघ पुन्हा घरी जिंकला तो थेट ऑगस्ट २०२३ मध्ये. मधले सलग २२ घरचे सामने हरले! उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब मालिका आधी कुणाच्या नावावर नव्हती. १९७८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेलं तिथलं स्टेडियम पन्नास हजारांहून जास्त माणसं सामावणारं. तिथे अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर हरत राहणं कसं असेल, याची कल्पना करा. दादा त्या काळातही हंगामी तिकीट घेत होता. “आपला संघ आहे, टाकून थोडाच देणार?” एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

या लीगमध्ये संघ फक्त नऊ, आणि त्यातले सहा प्लेऑफमध्ये जातात. म्हणजे बाहेर राहणं हेच अवघड. तरी एल्क्स २०२१ ते २०२५ असे सलग पाच हंगाम बाहेर राहिले. सगळे संघ अगदी सारख्या ताकदीचे मानले, तर असं घडण्याची शक्यता २४३ मध्ये एक. अर्थात संघ सारख्या ताकदीचे नसतात, आणि भांडण नेमकं तिथेच सुरू होतं: आपली ताकद कमी कुठे पडते?

संघ बांधण्याचे नियमही या भांडणात तेल ओततात. पगारावर एकूण मर्यादा आहे, त्यामुळे क्वार्टरबॅकला जास्त दिलं की दुसरीकडे हात आखडावा लागतो. सामन्याला सुरुवात करणाऱ्या २४ जणांत किमान सात कॅनेडियन हवेत, आणि ते कोणत्या जागांवर खेळवायचे हे कोडं प्रत्येक संघ आपापल्या परीने सोडवतो. क्वार्टरबॅक मात्र बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेला असतो. ओटावाचा रस १९६९ चा ग्रे कप जिंकून निवृत्त झाला (हा रस जॅक्सन, कॅनडाचा सर्वांत गाजलेला देशी क्वार्टरबॅक), त्यानंतर त्या जागेवर मोठं नाव कमावणारे कॅनेडियन बोटांवर मोजण्याइतकेच.

म्हणूनच ट्रे फोर्ड हा तिथे फक्त खेळाडू उरत नाही. नायगारा फॉल्सचा हा मुलगा वॉटर्लू विद्यापीठातून आला. २०२१ मध्ये कॅनडाच्या विद्यापीठीय फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढच्या वर्षी एडमंटनने त्याला निवडलं. पळण्यात चपळ, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी देण्यात पटाईत. २०२३ मध्ये घरच्या पराभवांची ती मालिका तुटली, तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता. तरीही २०२४ मध्ये संघाने अनुभवी अमेरिकन मॅक्लाउड बेथेल-थॉम्पसनला आणून फोर्डला बाकावर बसवलं. २०२५ मध्ये बेथेल-थॉम्पसनच्या बदल्यात माँट्रियलहून कोडी फहार्डो आला, २०२३ च्या ग्रे कपमधला सर्वोत्तम खेळाडू. यावेळी सुरुवात फोर्डने केली, पण पराभव साचत गेले आणि हंगाम सुरू असतानाच जागा फहार्डोकडे गेली.

आमच्या दादाच्या घरात यावरून उभी फूट. दादा फहार्डोच्या बाजूचा. चेंडू कधी टाकायचा आणि कधी हातातच ठेवायचा हे त्याला कळतं, असं दादाचं म्हणणं. मुलगा कट्टर फोर्डवाला. मी त्याला कारण विचारलं, तर त्याने आकडे सांगितलेच नाहीत. “काका, तो इथलाच आहे ना. इथे शिकला, इथे खेळला. तरी प्रत्येक वेळी बाहेरून कुणीतरी आणतात.”

हे वाचून वहिनीने ग्रुपवर लिहिलं, “आणि तुझे बाबा कुठून आणलेत?”

सगळे हसले, पण मला ते वाक्य पुरलं. दादा नोकरीसाठी परक्या देशात गेला आणि कामाने आपली जागा मिळवली. बाहेरून आलेला, मेहनतीने टिकणारा फहार्डो त्याला जवळचा वाटला तर नवल नाही. मुलगा मात्र तिथेच जन्मलेला. ‘इथलाच’ असूनही ज्याला पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, तो त्याचा माणूस. क्वार्टरबॅक कोण असावा, या प्रश्नाआडून दोघं आपापली गोष्ट सांगत होते. मुंबईचा आणि आपला, या शब्दांवरून आपल्या घरांतही दोन पिढ्या अशाच बोलतात.

आता पुन्हा गणिताकडे. लीगचे पश्चिम आणि पूर्व असे दोन विभाग आहेत. प्रत्येकातले पहिले तीन पुढे जातात. पण एका विभागातल्या चौथ्या संघाचे गुण दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्यापेक्षा जास्त असतील, तर तो चौथा पलीकडच्या विभागातून प्लेऑफमध्ये घुसतो. या ‘क्रॉसओव्हर’नेच एल्क्सच्या चाहत्यांना ऑक्टोबरपर्यंत आशेवर ठेवलेलं असतं. एडमंटन २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये याच मागच्या दाराने आत गेलं. तिन्ही वेळा पहिला सामना जिंकलं आणि तिन्ही वेळा पुढचा हरलं. या दाराने येऊन ग्रे कप अजून कुणीच नेलेला नाही.

२०२५ मध्ये एल्क्स ७ विजय आणि ११ पराभवांवर थांबले. पूर्वेतल्या टोरंटोचे विजय ५ आणि ओटावाचे ४, म्हणजे दोघेही त्यांच्या मागे. दार उघडं होतं! पण पश्चिमेतच १० विजयांचा विनिपेग चौथा होता आणि त्या दाराने तो गेला. दादाचं म्हणणं, “विभाग चुकीचा मिळाला.” हरणाऱ्या संघाच्या प्रत्येक चाहत्याजवळ असं एक वाक्य राखून ठेवलेलं असतं.

मला मात्र दुसराच आकडा छळतो. २०२४ मध्येही हिशेब ७ विजय, ११ पराभव असाच होता. त्या हंगामात पहिले सातही सामने हरले. पाचव्या पराभवानंतर ख्रिस जोन्स यांची हकालपट्टी झाली. ते प्रशिक्षक आणि सरव्यवस्थापक दोन्ही होते, आणि २०१५ चा ग्रे कप त्यांच्याच प्रशिक्षणाखाली आला होता. उरलेल्या ११ सामन्यांत मात्र संघाने ७ जिंकले. त्याच गतीने अख्खे १८ सामने खेळले असते, तर ११ विजय होतात, म्हणजे त्या वर्षी पश्चिमेत पहिल्या आलेल्या विनिपेगइतके! प्लेऑफ ऑक्टोबरमध्ये हुकलं असं आपण म्हणतो. पण ते जून-जुलैमध्येच गेलेलं होतं.

जून-जुलैमध्ये असं का होतं? या लीगमध्ये करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात. फेब्रुवारीत खेळाडूंचा बाजार उघडतो, मे महिन्यात शिबिर आणि दोन सराव सामने, की लगेच हंगाम सुरू. एडमंटनने दरम्यान प्रशिक्षक बदलले, सरव्यवस्थापक बदलले, क्वार्टरबॅक बदलले. १९४९ पासून गावाच्या मालकीचा असलेला क्लब २०२४ मध्ये लॅरी थॉम्पसन या अल्बर्टातल्याच व्यावसायिकाने विकत घेतला. म्हणजे दर उन्हाळ्यात नवी माणसं एकमेकांच्या सवयी शिकत असतात, आणि त्या शिकण्याची फी सामन्यांत भरावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये हे आम्ही रोज बघतो. टीम बदलली की पहिले दोन महिने कामापेक्षा ओळखीत जातात. नेमक्या त्याच वेळी वरून विचारणा होते, “रिझल्ट कुठे आहे?” मग घाबरून पुन्हा माणसं बदलतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

म्हणून ‘फोर्ड की फहार्डो’ यापेक्षा मोठा प्रश्न मला हा वाटतो: यातल्या एकाला तरी पुरता वेळ मिळाला का? एक खेळाडू निवडून, त्याला साजेसे सोबती जमवून दोन हंगाम सलग द्यायचे, मधल्या जुलैमध्ये कितीही ओरड झाली तरी. यात हमी काहीच नाही. पण दुसरा रस्ता त्यांनी पुरेसा वापरून पाहिला आहे, आणि तो दोनदा ७-११ वर नेऊन सोडतो.

चाहत्यांचं काय? आपल्या या मासिकाच्या वाचकांना ते वेगळं सांगायला नको. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोदा आणि होळकर समोरासमोर होते. दोन्ही मराठी संस्थानं, प्रेक्षकांतही दोन्हीकडे मराठी घरं. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली, तेव्हा बडोद्याच्या मराठी माणसाला इंदूरच्या मराठी माणसाबद्दल फारसं वाईट वाटलं नसावं! भाषा घरून येते, संघ गावाकडून मिळतो. बडोद्याने शेवटची रणजी २०००-०१ मध्ये जिंकली, म्हणजे वाट पाहणं आम्हालाही नवं नाही.

जिंकणाऱ्या संघाचा चाहता व्हायला त्या गावात राहावं लागत नाही, टीव्ही पुरतो. २२ सामने घरच्या मैदानावर हरणाऱ्या संघासाठी उणे तापमानात जाऊन बसणारा माणूस मात्र त्या गावचाच असतो, मग त्याचा जन्म कुठेही झालेला असो. पुढचा हंगाम जूनमध्ये सुरू होईल, आणि दादाने तीन तिकिटं आधीच घेतली आहेत. तिसरं वहिनीचं आहे. दोघांच्या मध्ये ती बसणार आहे.