परत जाणारा डबा

मधल्या सुट्टीत एखादी मुलगी डबा न उघडताच परत नेते, तेव्हा आपण तिला हट्टी म्हणतो. कोलार रोडवरील आमच्या वर्गात मीही तसेच म्हणत असे. ती माझी चूक होती. लठ्ठपणाच्या भयाने अन्न टाळणे हा हट्ट नसून आजार असू शकतो. इंग्रज वैद्य विल्यम गल यांनी १८७४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात हाडे ठिसूळ होतात, हृदय दुर्बळ होते. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यापायीच निवर्तली. मुलगेही यातून सुटत नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, कोणाच्या अंगकाठीची थट्टा करू नका. पालकहो, रागावण्यापूर्वी मायेने विचारपूस करा आणि वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. भरलेला परत आलेला डबाही काही सांगत असतो.