पाण्याला वाट द्या, नाहीतर ते आपली वाट लावेल

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्यावर चांगलाच मारा झाला.

झालं असं की, चार-पाच घरांनी मिळून आपापली अंगणं आणि गेटपुढचा तुकडा पेव्हर ब्लॉकने पॅक करायचं ठरवलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. एक इंचही माती दिसायला नको. ठेकेदार एकच, म्हणून रेट कमी. मलाही विचारलं. मी एवढंच लिहिलं, "खाली काय टाकणार? आणि पाणी कुठे जाणार?"

झालं! "भाऊ, तुमाले प्रत्येक चांगल्या कामात खोट दिसते." दुसरा म्हणाला, "पत्रकारांना चिखलच आवडतो." वर हसणारी इमोजी.

ग्रुपवर भांडून काही निघत नाही, म्हणून इथे लिहितो. पोस्ट लांब आहे. पण तुम्ही यंदा अंगणावर पैसा घालणार असाल, तर आधी दहा मिनिटं द्या. मी इंजिनिअर नाही. पण या प्रश्नावर माझ्या घरातल्याच माणसाने भारी किंमत मोजलेली मी पाहिली आहे. तीही इथे नाही, थेट कोकणात.

माझे मावसभाऊ, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. मूळचे यावलचेच, नोकरी मुंबईत झाली. निवृत्तीनंतर दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर छोटं घर बांधलं. आपल्याकडच्या माणसाला समुद्राचं केवढं अप्रूप, ते मी सांगायला नको. घर झालं, गाडी आली. राहिला तो गेटपासून पोर्चपर्यंतचा उताराचा रस्ता.

आण्णांचा विचार तोच, जो तुमचा-माझा असतो. "जाड काँक्रीट करून टाकू, आत लोखंडी जाळी. एकदाच खर्च करायचा, नातवंडांपर्यंत पाहायला नको."

ठेकेदाराने आठवड्यात काम उरकलं. लाल माती वरवर चोपली, त्यावर जाळी अंथरली, वरून काँक्रीट ओतलं. वाळू कुठून आली, कोणी विचारलं नाही. दोन दिवस पाणी मारलं आणि माणसं दुसऱ्या साइटवर गेली. उद्‌घाटनाला मीही होतो. रस्ता आरशासारखा दिसत होता. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, हेही कबूल करतो.

पहिल्या पावसाळ्यात आडव्या भेगा पडल्या. दुसऱ्यात भेगांमधून तपकिरी ओघळ आले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेटजवळ पोपडे उडून गंजलेली सळई उघडी पडली आणि गाडी गेली की खालून ढब्ब असा पोकळ आवाज यायला लागला.

कारण काय? मी चार जाणकारांना विचारलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. समुद्राच्या हवेत खार असतो. खाडीची वाळू न धुता वापरली, तर तोच खार काँक्रीटच्या आतही जातो. तो सळईपर्यंत पोचला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणजे सळई आतून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. ज्या जाळीला आपण मजबुती समजतो, तीच किनाऱ्यावर रस्ता फोडणारी पाचर होते. आपल्या देशाचं काँक्रीटचं मानक, आयएस 456, किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या सळईवाल्या काँक्रीटला किमान एम-30 दर्जा आणि सळईभोवती 45 मिलिमीटरचं आवरण मागतं. आण्णांची जाळी तर थेट मातीवर टेकलेली होती. खालून आवरण शून्य!

आणि खरी गंमत पुढे आहे. जमिनीवर टेकलेल्या, फक्त कार जाणाऱ्या रस्त्याला सळई बहुतेक वेळा लागतच नाही. लागतो तो पक्का पाया, ठरावीक अंतरावर दिलेले कापे, आणि आठवडाभर तरी नीट मारलेलं पाणी. या तिन्हीतलं काहीच झालं नव्हतं.

शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. ते सगळीकडून फिरले, वाकून भेगा पाहिल्या, आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही गाडीची वाट केलीत, पाण्याची वाट केलीच नाहीत. पाण्याला वाट दिली नाही, तर ते आपली वाट काढतं. नि मग तुमची वाट लावतं."

डोंगराकडून येणारं पाणी काँक्रीटच्या काठाने आत शिरत होतं आणि खालची माती घेऊन बाहेर पडत होतं. वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात आम्ही पाण्याला विचारलंच नव्हतं की बाबा, तू कुठून जाणार?

त्यांनी सगळं उखडायला लावलं. फूटभर खोदलं. तळाला मोठे दगड, त्यावर जाड खडी, त्यावर बारीक कच, प्रत्येक थर धुमसून. चाकं जिथून जातात तिथे दोन पट्टे, बिनसळईच्या साध्या काँक्रीटचे. नदीची धुतलेली वाळू, दर चार मीटरवर कापा, पंधरा दिवस ओली पोती. दोन पट्ट्यांच्या मध्ये आणि कडेने जांभ्याचे चिरे, सिमेंट न भरता. सगळ्या रस्त्याला एका बाजूला हलका उतार, बाजूला गटार, आणि गटाराचं तोंड माडांच्या आळ्यात.

जांभा हा कोकणचा घरचा दगड. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक. सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. कोकणातल्या गावांतल्या पाखाड्या, म्हणजे वाडीवाडीतून जाणाऱ्या दगडी पायवाटा, याच दगडाच्या. पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभ्या आहेत. मात्र गाडीचं चाक जिथे वळतं तिथे जांभा झिजतो, म्हणून तिथे काँक्रीट. म्हातारबांना जुन्याचा हट्ट नव्हता आणि नव्याचा तिटकाराही नव्हता. कुठे काय चालतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

नव्या रस्त्याने चार पावसाळे काढले. एक भेग नाही. दिसायला आधीपेक्षा साधा आहे. आण्णांनी एकाच रस्त्याचे पैसे दोनदा दिले, त्यात मधलं तोडकाम आणि डबर वाहून नेण्याचा खर्च वेगळा.

आता म्हणाल, कोकणातली गोष्ट इथे कशाला? आपल्याकडे ना समुद्र, ना खारी हवा, ना तेवढा पाऊस.

बरोबर. आपल्याकडे समुद्र नाही, पण काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही रोज पाहता. तीच माती तुमच्या अंगणाखाली आहे. ती न काढता वर चार बोटं कच आणि त्यावर ब्लॉक टाकले, तर दोन वर्षांत अंगणाचं पाणीपत होणार. इथे उंचवटा, तिथे खड्डा. आणि आपण दोष देणार ब्लॉकला!

आमचे इथले एक जुने मिस्तरी म्हणतात ते खरं आहे: "भाऊ, वरचं सर्‍यायले दिसते, खालचं कोन पाह्यते?"

माझा सगळा राग इथेच आहे. आपण दिसतं ते विकत घेतो. रेट चौरस फुटावर ठरतो, रंग आणि डिझाइन पाहून ब्लॉक निवडतो. खोदाई किती, थर किती, रोलर फिरला का, हे कोणी विचारत नाही. ठेकेदाराला ते बरोबर कळतं. जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथेच तो वाचवतो. आणि जी सवय आपल्याला स्वतःच्या अंगणात लागली, तीच घेऊन आपण सरकारी कामाकडे पाहतो. गल्ली काँक्रीट झाली, नारळ फुटला, फोटो झाला, विषय संपला. जुना थर न खोदता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. रस्ता वर चढत जातो आणि घरं खाली जातात. मग पहिल्या जोराच्या पावसात पाणी कोणाच्या उंबऱ्यात शिरतं? ज्याचं घर सगळ्यात जुनं आणि ज्याच्याकडे जोतं उचलायला पैसा नाही, त्याच्या. मी कुणाचं नाव घेत नाही, कारण हा आजार एका कचेरीचा किंवा एका गावाचा नाही. पैसे घरचे असोत की जनतेचे, खाली कोणी पाहत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या सरकारी वर्गवारीत वर्षानुवर्षं अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. म्हणजे जमिनीत मुरतं त्यापेक्षा जास्त आपण उपसतो. केळीच्या पैशाने हा तालुका उभा राहिला हे खरं, आणि ती केळी बोअरच्या पाण्यावर उभी आहे हेही खरं. आजोबांच्या काळी जिथे मोट चालायची, तिथे आज बोअर शेकडो फूट खाली जाते.

हे पाणी परत जमिनीत घालायला तापी मेगा रिचार्ज योजना आहे. 10 मे 2025 ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. खर्चाचा आकडा 19 हजार कोटींच्या वर. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू, मुरमाचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, तिथे तापीचं पाणी मुरवायचं. योजना व्हावी, लवकर व्हावी, यात दुमत नाही. तिच्यासाठी आपण सगळ्यांनीच आवाज उठवला आहे.

पण मला सांगा, एकीकडे हजारो कोटी घालून पाणी मुरवायचं आणि दुसरीकडे स्वतःच्या पैशाने, हौसेने, अंगणाचं तोंड सिमेंटने बंद करायचं, याला काय म्हणायचं?

साधा हिशेब करू. हजार चौरस फुटांचं अंगण आणि वर्षाचा सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या एका अंगणावर साधारण 65 हजार लिटर पाणी पडतं. दहा हजारी टँकर धरले तर सहा-साडेसहा टँकर. सगळंच मुरत नाही, काही वाफ होतं, काही वाहून जातं, मान्य. पण पॅक केलेल्या अंगणातलं जवळपास सगळंच गटारात जातं. शंभर अंगणं धरा. मग एप्रिलमध्ये टँकरमागे हंडे घेऊन पळताना आठवा, की ऑगस्टमध्ये आपणच फुकटचे टँकर गटारात सोडले होते.

आता समोरच्या बाजूचंही ऐकू. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मातीच्या अंगणात चिखल होतो. म्हातारी माणसं घसरतात. झाडलोट, सडा हे घरातल्या बाईच्याच डोक्यावर येतं, आणि जुन्या अंगणाचे गोडवे गाणारे पुरुष झाडू हातात घेत नाहीत. माझी आईच मला म्हणाली, "तुले लिहायले काय जाते, चिखल मले तुडवा लागते." तिचं बरोबर आहे.

म्हणून मी मातीचं अंगण ठेवा असं म्हणतच नाही. पेव्हर ब्लॉकही वाईट नाही. खाली खडी आणि वाळूचा थर देऊन, सांध्यांत बारीक वाळू भरून बसवला, तर थोडंफार पाणी आत जातं आणि ब्लॉक उचलून दुरुस्तीही होते. वाईट आहे ते खाली सिमेंटचा कोबा, सांध्यांत सिमेंट आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत पॅकिंग. कडुनिंबाच्या गळ्याभोवती सिमेंट आवळायचं आणि मे महिन्यात पारा 45 वर गेला की सावली शोधत फिरायचं!

तर मग करायचं काय? घरच्या कामासाठी पाच गोष्टी:

1. ठेकेदाराला आधी खोदाई विचारा, रंग नंतर. काळी माती काढून मुरूम आणि खडी दाबून भरायची, हे कागदावर लिहून घ्या.
2. गाडी येणार असेल तर ब्लॉक किमान 60 मिलिमीटर जाडीचा घ्या. पायवाटेचा पातळ ब्लॉक चाकाखाली टिकत नाही.
3. उतार घरापासून बाहेर. काम संपल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहा, कुठे जातं ते. पैसे त्यानंतर.
4. भिंतीकडेने दोन फुटांची मातीची पट्टी आणि झाडाभोवती मोठं आळं मोकळं सोडा.
5. गच्चीचं आणि अंगणाचं पाणी गाळून शोषखड्ड्यात घ्या. सांडपाणी त्यात चुकूनही नको.

आणि गल्लीतल्या सरकारी कामासाठी एकच: नारळ फुटण्याआधी अंदाजपत्रक मागा. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा फक्त झेरॉक्स मागायला नाही. त्याच्या कलम 2 प्रमाणे नागरिकाला कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. अंदाजपत्रकात थर किती लिहिलाय आणि जागेवर किती पडलाय, हे टेप लावून मोजा. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, चार शेजारी एकत्र उभे राहिले तरी पुरतं.

आमच्या ग्रुपवर काम सोमवारी सुरू होणार असं ठरलंय. मी टेप आणि बादली घेऊन जाणार आहे. ज्यांना मी खोट काढणारा वाटतो त्यांनीही या, चहा माझ्याकडे. खोदाई नीट झाली आणि झाडांची आळी सुटली, तर याच भिंतीवर ठेकेदाराचं कौतुक लिहीन, फोटोसकट.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण अंगणाचा सौदा करायच्या आधी एकदा स्वतःला विचारा: या घरावर पडलेलं पाणी जाणार कुठे?